रात्री तीन वाजता सर्व्हर कोण उठवतं? : एफटीपी आणि बूटच्या यादीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा जे इयरफोन घरी विसरून लोकलमध्ये उभे आहेत, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित अवतार. बोलण्याच्या ओघात सुटलेल्या दोन-चार गोष्टी इथे नीट घातल्या आहेत.

सुरुवात एका छोट्या प्रयोगाने करू. तुमचा फोन बंद करून परत चालू करा. पासवर्ड टाका आणि नुसतं बघत बसा. तुम्ही कुठलंही ॲप उघडलेलं नाही, तरी मेसेज धडाधड यायला लागतात. सकाळचा अलार्मही वेळेवर वाजणार असतो. हे सगळं कोणी सुरू केलं? तुम्ही तर नाही केलं.

फोनच्या आत एक यादी आहे. फोन उठला की काय काय सुरू करायचं, कुठल्या क्रमाने करायचं, हे त्या यादीत लिहिलेलं असतं. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये त्या फाइलचं नाव आहे ‘इनिट डॉट आरसी’. यातली ‘आरसी’ ही दोन अक्षरं १९६० च्या दशकातली आहेत, म्हणजे तुमच्या-माझ्या आईवडिलांपैकी बऱ्याच जणांपेक्षा वयाने मोठी. आजची गोष्ट या यादीची आहे. आणि ती सांगायला मी एक जुनं, कंटाळवाणं वाटणारं काम निवडलंय: फाइल पाठवणारा सर्व्हर, म्हणजे एफटीपी सर्व्हर, मशीन चालू होताच आपोआप सुरू करणं.

आपल्याच खांद्यावर बसायचं कसं?

आधी ‘बूट’ या शब्दाकडे बघू. इंग्रजीत बुटाच्या मागे असलेल्या पट्टीला बूटस्ट्रॅप म्हणतात. ती पट्टी धरून स्वतःच स्वतःला उचलायचं, अशी अशक्य कल्पना या शब्दामागे आहे. आपल्याकडे सांगायचं तर आपल्याच खांद्यावर आपण चढून बसायचं. कॉम्प्युटरची अडचण नेमकी तीच. प्रोग्रॅम मेमरीत आणायला एक प्रोग्रॅम लागतो. मग तो पहिला प्रोग्रॅम मेमरीत कोण आणणार?

बराच काळ याचं उत्तर होतं: माणूस. सुरुवातीच्या पीडीपी-११ सारख्या मशीनच्या दर्शनी भागावर स्विचांची रांग असायची. ऑपरेटर एकेक स्विच वर-खाली करून पहिल्या काही सूचना हाताने मेमरीत भरायचा. तेवढ्या सूचना टेप किंवा डिस्कवरून पुढचा प्रोग्रॅम वाचून घ्यायच्या आणि मग गाडी पुढे सरकायची. म्हणजे मशीन पडलं की ते उठवायला माणूस हजर असणं गृहीतच होतं.

इंटरनेटची आजी म्हणजे आर्पानेट. त्यावरचा पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ ला गेला. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी बसला होता आणि स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बिल डुव्हाल. ‘लॉगिन’ हा शब्द टाइप करायचा होता. ‘एल’ गेलं, ‘ओ’ गेलं आणि समोरचं मशीन कोसळलं. साधारण तासाभराने परत जमलं. जमलं, कारण दोन्ही टोकांना माणसं बसलेली होती आणि फोनवर एकमेकांशी बोलत होती.

आता विचार करा. नेटवर्कवर १५ मशीन असतील, मग १५०, मग १५ लाख. प्रत्येकाशेजारी रात्री तीन वाजता कोण बसणार?

कानपूरचा मुलगा आणि आरएफसी ११४

आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीत, १९६५ साली पदवी घेतलेला एक विद्यार्थी पुढे अमेरिकेत एमआयटीला गेला. त्याचं नाव अभय भूषण. १६ एप्रिल १९७१ ला त्याने एक दस्तऐवज लिहिला, आरएफसी ११४. विषय: एका मशीनवरची फाइल दुसऱ्या मशीनवर न्यायचे नियम. एफटीपीचा जन्म तिथला. आपल्याकडे इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत एफटीपी पोर्ट २१ वर चालतं हे पाठ करून घेतात, पण त्याचा पहिला मसुदा कानपूरहून गेलेल्या मुलाने लिहिला हे बहुतेक वेळा सांगतच नाहीत.

एफटीपीमध्ये एक गोष्ट गुपचूप गृहीत धरलेली आहे. तुम्ही फाइल मागायला जाता तेव्हा पलीकडे कोणीतरी आधीपासून कान लावून बसलेलं असलं पाहिजे. फोन लावल्यावर पलीकडे उचलणारा हवा, तसंच. हा ‘बसलेला’ म्हणजे सर्व्हर प्रोग्रॅम. मशीन चालू आहे, नेटवर्क चालू आहे, पण हा प्रोग्रॅम सुरू नसेल तर बाहेरच्या माणसासाठी ते मशीन बंदच.

अशा पाठीमागे बसून राहणाऱ्या प्रोग्रॅमला ‘डीमन’ म्हणतात. हा शब्द एमआयटीच्याच प्रोजेक्ट मॅकमधला, १९६३ च्या सुमाराचा. भौतिकशास्त्रात मॅक्सवेलचा एक काल्पनिक ‘डीमन’ आहे, जो न थकता रेणू निवडत बसतो. त्याच्यावरून हे नाव पडलं. म्हणून आजही एफटीपी सर्व्हरचं नाव ‘एफटीपीडी’ असतं. शेवटचा ‘डी’ म्हणजे डीमन.

पहिला प्रोसेस आणि त्याची चिठ्ठी

त्याच सुमारास बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते. युनिक्सने बूटचा प्रश्न फार साधेपणाने सोडवला. कर्नल उठला की तो एकच प्रोग्रॅम सुरू करतो, त्याचं नाव ‘इनिट’, त्याचा नंबर १. बाकी सगळे प्रोसेस ही त्याची मुलं-नातवंडं. आणि या इनिटला एक चिठ्ठी दिलेली असते: इटीसी फोल्डरमधली ‘आरसी’ नावाची फाइल.

‘आरसी’ आलं ‘रनकॉम’वरून, म्हणजे ‘रन कमांड्स’. एमआयटीच्या सीटीएसएस नावाच्या जुन्या सिस्टिममध्ये आदेशांची यादी एका फाइलीत लिहून एका झटक्यात चालवायची सोय होती, तिचं हे नाव. तेच नाव युनिक्समध्ये आलं आणि तिथून फिरत फिरत तुमच्या खिशातल्या फोनमध्ये.

ही चिठ्ठी दिसायला साधी, पण तिने मोठा बदल केला. ऑपरेटरच्या डोक्यात जे असायचं (‘आधी डिस्क तपासायची, मग घड्याळ लावायचं, मग हे सुरू करायचं’) ते आता फाइलीत उतरलं. ऑपरेटर सुट्टीवर गेला तरी मशीनला आपलं काम माहीत होतं.

गेटवरचा वॉचमन

१९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाचं ४.२ बीएसडी आलं आणि त्यात आजच्या इंटरनेटचे टीसीपी-आयपी नियम आले. एफटीपी, टेलनेट असे बरेच सर्व्हरही आले. चिठ्ठीतून प्रत्येकाला सुरू करायचं आणि मग ते दिवसभर मेमरी अडवून बसायचे, कोणी येवो न येवो. त्या काळी मेमरी काही मेगाबाइटच असायची. म्हणजे सोसायटीतल्या प्रत्येक फ्लॅटने पाहुण्याची वाट बघत दारात एक माणूस बसवून ठेवल्यासारखं.

१९८६ च्या ४.३ बीएसडीने यावर तोडगा काढला: ‘आयनेटडी’. हा गेटवरचा वॉचमन. बूट होताना फक्त त्याला उठवायचं. २१ नंबरच्या पोर्टवर कोणी आलं की तो एफटीपीडीला हाक मारणार, ७९ वर आलं की फिंगरला. काम संपलं की ते परत गायब. कोणासाठी कोणाला उठवायचं, ही झाली वॉचमनची स्वतःची यादी.

योगायोग बघा, त्याच १९८६ साली आपल्याकडे एर्नेट सुरू झालं. जुहूचं एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी मुंबई हे दोघंही त्यात सुरुवातीपासून होते. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलच्या डायल-अपवरून. म्हणजे आपण जालावर पोचायच्या आधी नऊ-दहा वर्षं या वॉचमनची ड्यूटी सुरू झालेली होती. आणि पहिली मोठी चोरीही होऊन गेली होती.

वॉचमनने दार उघडलं

२ नोव्हेंबर १९८८. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने एक प्रोग्रॅम सोडला, जो स्वतःच्या प्रती करत एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचा. त्याचा एक रस्ता होता फिंगर सर्व्हरमधली चूक. फिंगर म्हणजे या मशीनवर आत्ता कोण लॉगिन आहे हे सांगणारी निरुपद्रवी सेवा. दुसरा रस्ता मेल पाठवणाऱ्या सेंडमेलमधला, तिसरा सोप्या पासवर्डांचा.

अडचणीत आलेल्या लोकांनी काय केलं? मशीन रिबूट केलं. किडा मेमरीतून गेला. पण मशीन उठलं, यादी वाचली गेली, फिंगर आणि सेंडमेल आज्ञाधारकपणे परत हजर झाले, आणि शेजारच्या मशीनवरून किडा परत आत. शेवटी अनेकांनी नेटवर्कची तारच काढून ठेवली. त्या महिन्यातच कार्नेगी मेलनमध्ये सर्ट ही संस्था उभी राहिली. मॉरिसला १९९० मध्ये शिक्षा झाली: तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि दंड.

मला या प्रसंगात फिंगर महत्त्वाचं वाटतं. अनेक ठिकाणी ते कोणी विचार करून सुरू केलेलं नव्हतं. ते यादीत होतं म्हणून सुरू होतं. आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टीचा धोका हाच की ती सुरू आहे हे हळूहळू सगळे विसरून जातात.

किड्यानेही चिठ्ठीत नाव घातलं

दरम्यान एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्ह युनिक्सने चिठ्ठीची वही केली. एका लांबलचक आरसी फाइलीऐवजी प्रत्येक सेवेची वेगळी स्क्रिप्ट. मशीनच्या अवस्थांना नंबर दिले, त्यांना रनलेव्हल म्हणायचं. प्रत्येक रनलेव्हलचं एक फोल्डर आणि त्यात ‘एस’ किंवा ‘के’ अक्षराने सुरू होणाऱ्या लिंक. एस म्हणजे स्टार्ट, के म्हणजे किल. पुढे दोन आकडी नंबर. आधी १०, मग २०, मग ८०. लग्नात आधी मांडव, मग मुहूर्त, मग पंगत, तसा क्रम. लिनक्सने ही पद्धत उचलली आणि बरीच वर्षं तीच चालली.

मग आला जानेवारी २००१. रेड हॅट लिनक्स ६.२ सोबत वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचा एफटीपी सर्व्हर यायचा, डब्ल्यूयू-एफटीपीडी. जगातल्या सगळ्यात लोकप्रिय एफटीपी सर्व्हरपैकी एक. त्यातली एक गंभीर चूक जून २००० मध्ये उघड झाली, दुरुस्तीही निघाली. पण कित्येक मशीनवर हा सर्व्हर नुसताच चालू होता. फाइल पाठवायला कोणी वापरत नव्हतं, म्हणून कोणी अपडेटही करत नव्हतं. ‘रामेन’ नावाचा किडा नेमका तिथून आत शिरला. आत शिरल्यावर वेबसाइटचं पहिलं पान बदलून नूडल्सबद्दलचा विनोद लावायचा.

पण खरी हुशारी पुढे आहे. मॉरिसचा किडा रिबूट केल्यावर मरायचा. रामेनने बूटच्या वेळी चालणाऱ्या ‘आरसी डॉट सिसइनिट’ फाइलीच्या शेवटी स्वतःची एक ओळ जोडली. आता मशीन उठलं की किडाही उठणार. ऑपरेटरची झोप वाचावी म्हणून बनवलेली यादी, तिचा फायदा चोरालाही तितकाच.

हसरा चेहरा

या सगळ्याला कंटाळून क्रिस इव्हान्स या सिक्युरिटीतल्या माणसाने नवा सर्व्हर लिहिला. नाव अगदी सरळ: ‘व्हेरी सिक्युअर एफटीपी डीमन’, म्हणजे व्हीएसएफटीपीडी. कमी अधिकार घेऊन चालणारा, नेमकी कामं करणारा. आज लिनक्सवर एफटीपी सर्व्हर लावायचा म्हटलं की बहुतेक लोक हाच लावतात.

आणि तरीही. जुलै २०११ मध्ये लक्षात आलं की त्याच्या अधिकृत डाउनलोडच्या जागेवर ठेवलेली २.३.४ ही आवृत्ती कोणीतरी बदलली आहे. लॉगिन करताना नावात कोलन आणि कंस, म्हणजे हसऱ्या चेहऱ्याची खूण टाकली की ६२०० नंबरचं पोर्ट उघडायचं आणि मशीनचा पूर्ण ताबा मिळायचा. काही दिवसांतच ते पकडलं गेलं. मूळ प्रोग्रॅममध्ये दोष नव्हता, बदललेली प्रत दोषी होती. पण ज्याने ती प्रत उतरवून बूटच्या यादीत घातली असेल, त्याच्या मशीनने दर रिबूटला हे चोरदार स्वतःच उघडलं असतं.

नंबर १ साठी भांडण

सिस्टिम फाइव्हच्या पद्धतीत दोन अडचणी होत्या. एक, सगळं रांगेत चालायचं, एकाचं अडलं की मागचे ताटकळत. दोन, स्क्रिप्टने सर्व्हर सुरू करून दिला की विषय संपला. नंतर तो मध्येच मेला तर बहुधा कोणी विचारायचं नाही.

२००६ मध्ये उबुंटूने ‘अपस्टार्ट’ आणलं. त्याच्या आधी, २००५ मध्ये, ॲपलने मॅकसाठी ‘लाँचडी’ आणलं होतं. ३० एप्रिल २०१० ला लेनर्ट पोटरिंग याने एक लांबलचक लेख लिहून ‘सिस्टमडी’ मांडलं. कल्पना अशी: आधी सगळ्यांचे दरवाजे, म्हणजे सॉकेट, उघडून ठेवा आणि मग सेवा एकाच वेळी सुरू करा. ज्याला थांबायचं तो आपोआप थांबेल. गरज असेल तर पाहुणा आल्यावरच सेवा सुरू करा. ओळखीचं वाटतंय ना? १९८६ चा वॉचमन परत आला, या वेळी घराचा मालक होऊन.

भांडण मात्र जबरदस्त झालं. नंबर १ चा प्रोसेस लहान आणि साधा असावा, त्याने इतकी कामं हातात घेऊ नयेत, असं जुन्या लोकांचं म्हणणं. डेबियनच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४ मध्ये मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी निवडलं गेलं. काही मंडळींनी वैतागून ‘देवुआन’ नावाचं वेगळं लिनक्स काढलं. बाहेरून बघणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण कोण सकाळी आधी उठतं आणि बाकीच्यांना उठवतं, यावर घरात सत्ता कोणाची हे ठरतं. भांडण त्याचंच होतं.

आज हे काम करायचं तर

आता इतिहास हातात घेऊन प्रत्यक्ष काम बघू. समजा लिनक्सवर व्हीएसएफटीपीडी लावलाय. ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट’ म्हटलं की तो आत्ता सुरू होतो. ‘सिस्टमसीटीएल एनेबल’ म्हटलं की तो पुढच्या बूटला सुरू होईल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नव्या माणसाची गल्लत इथेच होते. स्टार्ट केलं, चाललं, घरी गेले. चार महिन्यांनी कर्नल अपडेटसाठी मशीन रिबूट होतं आणि सर्व्हर गायब. एनेबल खरं तर एक लिंक तयार करतो, ‘मल्टी-यूजर’ टार्गेटच्या फोल्डरमध्ये. सिस्टिम फाइव्हच्या एसवाल्या लिंकची ही नात.

डेबियन आणि उबुंटूमध्ये सर्व्हरचं पॅकेज टाकलं की ते सहसा लगेच सुरूही होतं आणि यादीतही जातं. फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात बहुतेक सेवा तुम्ही सांगेपर्यंत गप्प असतात. रामेनची आठवण असेल तर दुसरी पद्धत का आली असावी हे कळेल.

मग क्रमाचे सापळे. सर्व्हरला ठरावीक आयपी पत्त्यावर बसवलं असेल आणि बूट होताना तो पत्ता अजून मिळालेलाच नसेल, तर सर्व्हर उठतो आणि पडतो. ‘नेटवर्क डॉट टार्गेट’ नंतर सुरू कर एवढं सांगून भागत नाही. नेटवर्क खरंच जोडलं गेलंय याची वाट बघायला ‘नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट’ लागतं. दुसरा सापळा जास्त वाईट. फाइली वेगळ्या डिस्कवर आहेत आणि ती डिस्क माउंट व्हायच्या आत सर्व्हर सुरू झाला. लोकांना रिकामा फोल्डर दिसतो. त्यात त्यांनी फाइली टाकल्या, नंतर डिस्क माउंट झाली, की त्या फाइली खाली झाकल्या जातात. डेटा गेलेला नसतो, पण दिसत नाही. ‘ही डिस्क असेल तरच सुरू हो’ अशी अट सर्व्हिसच्या फाइलीत लिहिता येते, ती लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दिवसाढवळ्या, चहा पिऊन, मुद्दाम मशीन रिबूट करून बघा. वीज जाईपर्यंत वाट बघितली तर परीक्षा रात्री तीनला होणार आणि तयारी शून्य.

यादीत न घालण्याचा पर्याय

एक शेवटचा धागा. मूळ एफटीपीमध्ये पासवर्ड उघडा जातो, वाटेत बसलेला कोणीही वाचू शकतो. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात पासवर्ड चोरीचा प्रकार झाल्यावर तातू युलोनेन याने एसएसएच लिहिलं. त्याने मुद्दाम २२ नंबरचं पोर्ट मागून घेतलं, कारण ते एफटीपीच्या २१ आणि टेलनेटच्या २३ च्या मधलं होतं. आज एसएसएचच्या आतूनच फाइली पाठवता येतात, त्याला एसएफटीपी म्हणतात. लिनक्स सर्व्हरवर एसएसएच बहुतेक वेळा आधीच बूटला सुरू होत असतं. म्हणजे ‘एफटीपी सर्व्हर आपोआप कसा सुरू करू?’ या प्रश्नाचं उत्तर आज बऱ्याचदा असं असतं: नवीन काही सुरूच करू नकोस, जे सुरू आहे ते वापर.

जगही तिकडेच गेलं. डेबियनने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या सार्वजनिक एफटीपी सेवा बंद केल्या. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही एफटीपीचा आधार काढून टाकला. अभय भूषणच्या मसुद्याला तेव्हा ५० वर्षं झाली होती. सॉफ्टवेअरच्या जगात ५० वर्षं म्हणजे भरपूर आयुष्य.

यादी मात्र राहिली. ती लिहिली कुणीतरी जागं राहू नये म्हणून, आणि तो हेतू आजही तितकाच चांगला आहे. फक्त ती अधूनमधून वाचायला कोणीतरी जागं असावं लागतं. सिस्टमडी असलेलं लिनक्स असेल तर ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट-फाइल्स’ चालवा आणि ज्यापुढे ‘एनेबल्ड’ लिहिलंय त्या प्रत्येक नावाला विचारा: तुला कोणी बोलावलं, आणि तू अजून इथे का? उत्तर मिळालं नाही तर मशीन ज्यांचं आहे त्यांना विचारून ते नाव बंद करा.

पुढच्या भागात क्रॉन: ठरलेल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामांची गोष्ट. तोवर फोन चार्ज ठेवा, भेटूच!